मोघबीज : मंगळागौरीच्या गल्लीतील अपत्यचिंता

काशीच्या पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या चढून वर आले, की अरुंद गल्लीत मंगला गौरीचे देऊळ लागते. तेथे गभस्तीश्वराचे लिंग आहे आणि काशीतील बारा आदित्यांपैकी मयूखादित्यही आहे. सूर्याने येथे तप केले आणि शिवलिंगासह गौरीची स्थापना केली, अशी कथा काशीखंडात येते. हा सारा परिसर मराठी माणसाला परका नाही. शेजारच्या दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या भागात दक्षिणी ब्राह्मणांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. नाना फडणिसांचा वाडा याच भागात उभा राहिला. औरंगजेबाच्या काळात पाडल्या गेलेल्या बिंदुमाधवाच्या मूर्तीला पुढे औंधच्या प्रतिनिधींनी घर दिले. घाटावर कानावर पडणाऱ्या ‘मंगला गौरी’चा उच्चार या वस्तीत साहजिकच ‘मंगळागौर’ असा झाला, आणि श्रावणातल्या मंगळवारी देवळापुढे लागणाऱ्या स्त्रियांच्या रांगेत नऊवारी लुगडीही दिसू लागली.

या वस्तीच्या इतिहासाकडे संस्थाने, मठ, पाठशाळा आणि शास्त्रार्थ यांच्या अंगाने पुष्कळदा पाहिले गेले आहे. घरातल्या एका जुन्या दुःखाच्या अंगाने मात्र क्वचितच. मूल होत नाही, हे ते दुःख. या एकाच दुःखावर तीन निरनिराळे उपाय या गल्ल्यांत हाताच्या अंतरावर नांदत होते. देवळात स्त्रीचे व्रत होते, पंडिताच्या ओसरीवर दत्तकाचे शास्त्र होते आणि वैद्याच्या बटव्यात वनस्पती होत्या. पैकी पहिल्या उपायाच्या कहाण्या झाल्या, दुसऱ्याचे ग्रंथ आणि न्यायनिवाडे झाले. तिसरा उपाय पुरुषाच्या देहाशी निगडित असल्यामुळे, ग्रंथांत विपुल असूनही, घरात कुजबुजीतच राहिला. ही कुजबूज कशी घडली आणि तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वैद्यकाचा जितका, तितकाच वाङ्मयाचाही आहे.

मंगळागौरीची मराठी कहाणी या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. एका वाण्याला मूल नाही. दाराशी येणारा गोसावी निपुत्रिकाच्या हातची भिक्षा नाकारतो. भिक्षा घेऊन आलेला हात असतो वाण्याच्या बायकोचा. म्हणजे कहाणीच्या पहिल्याच पावलावर निपुत्रिकपणाचा डाग घरधन्यावरून घरधनिणीवर सरकलेला असतो, आणि तो सरकला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे नवरा देवीच्या शोधात रानात जातो, अल्पायुषी पुत्राचा वर पत्करतो आणि आंबा घेऊन येतो. पण तो आंबा खायचा असतो बायकोने. मुलगा मोठा होतो, मामाबरोबर काशीला निघतो, वाटेत त्याचे लग्न होते, आणि काशीत यमदूत त्याच्या प्राणांसाठी येतात, तेव्हा त्याच्या सासूच्या व्रताने बांधलेली मंगळागौर आडवी येते. पुरुष वाट चालतो आणि फळ आणतो. औषध मात्र स्त्रीच्या पोटात जाते आणि तपही तिचेच असते.

ही मांडणी या एका कहाणीची नव्हे. दशरथाच्या यज्ञातून आलेला पायस तीन राण्यांनी प्यायला. साडेतीनशे राण्यांच्या त्या राजाला कोणी एक घोटही दिला नाही. महाभारत याहून धीट आहे. विचित्रवीर्याचा क्षय आणि पांडूचा शाप ही पुरुषाच्या असमर्थतेचीच कथानके आहेत, आणि व्यासांनी ती लपवलेली नाहीत. परंतु लोकवाङ्मयाने आणि व्रतकथांनी परंपरा चालवली ती पायसाची आणि फळाची. मराठी भाषेचा कोशही याची साक्ष देतो. ‘वांझ’ हा शब्द स्त्रीसाठी आहे, गाईसाठी आहे, झाडासाठी आहे. ‘वांझोटी’ ही शिवी आहे. पुरुषासाठी ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ आहेत, पण ते संगाच्या असमर्थतेचे वाचक आहेत. संग होतो, परंतु बीज फळत नाही, अशा पुरुषाला रोजच्या मराठीत नावच नाही. ज्याला नाव नाही, त्याच्याविषयी तक्रार तरी कशी करावी?

संस्कृत धर्मशास्त्रात मात्र ते नाव होते. नारदस्मृतीने पुरुषाच्या असमर्थतेचे चौदा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘मोघबीज’ असा एक स्वच्छ प्रकार आहे. मोघ म्हणजे व्यर्थ. ज्याचे बीज व्यर्थ जाते, तो मोघबीज. स्मृतिकार एवढ्यावर थांबत नाहीत. वराच्या पुंस्त्वाची परीक्षा यत्नपूर्वक करावी, असे याज्ञवल्क्य सांगतो, आणि या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका बाराव्या शतकात, मराठी मुलखाला लागून असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत लिहिली गेली. म्हणजे मुलगी दाखवण्याची चाल पडण्यापूर्वी मुलगा पारखण्याचे शास्त्र अस्तित्वात होते. ते व्यवहारात किती उतरले हा भाग वेगळा. घटस्फोट नसलेल्या आणि बालविवाह रूढ झालेल्या समाजात अशा परीक्षेला अर्थच उरला नाही, आणि तिच्याबरोबर तो शब्दही गेला.

त्याच्या जागी आला दत्तक. काशीतील मराठी पंडितांनी या विषयात जे काम केले, त्याचा ठसा पुढे अखिल भारतीय न्यायव्यवहारावर उमटला. नंदपंडित हे धर्माधिकारी घराण्यातले. त्यांचे पूर्वज बीदरहून काशीला आले होते. विष्णुस्मृतीवरील त्यांची ‘वैजयन्ती’ 1623 साली काशीतच पूर्ण झाली. त्यांच्या ‘दत्तकमीमांसे’चा सदरलंडने केलेला इंग्रजी अनुवाद 1821 साली प्रसिद्ध झाला आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत तो प्रमाण मानला जाऊ लागला. विधवेला दत्तक घेता येत नाही, हे नंदपंडितांचे मत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला अनुसरणाऱ्या महाराष्ट्रात मात्र नवऱ्याची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही विधवेचा हा अधिकार मान्य झाला. एकाच शहरातील दोन दक्षिणी घराण्यांच्या या मतभेदामागे कितीतरी स्त्रियांची आयुष्ये लोंबकळत होती. काशीच्या भदैनीत जन्मलेल्या मनकर्णिकेच्या, म्हणजे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मूल झाले होते आणि ते 1851 साली तान्हेपणीच दगावले. 20 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधररावांनी दत्तक घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा अंत झाला. सातारा 1848 मध्ये गेले होते. नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेली. औरस पुत्राचा अभाव ही राज्य बुडवणारी गोष्ट ठरली. अशा काळात पुरुषाने स्वतःच्या बीजाविषयी उघडपणे बोलावे, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

आता तिसरा उपाय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे आणि त्याचे चार पाद आहेत. ‘वाजी’ म्हणजे घोडा, ही व्युत्पत्ती सर्वांच्या तोंडी असते. पण अध्याय उघडला की प्रथम भेटते ते अपत्य. मूल नसलेल्या पुरुषाचे वर्णन करताना ग्रंथकार सावली नसलेल्या, एकच फांदी असलेल्या झाडाची, चित्रातल्या दिव्याची, आटलेल्या तळ्याची उपमा देतो. लक्षात घेण्यासारखे हे, की ही उपमा पुरुषाला दिलेली आहे. वांझ झाड येथे तो आहे. आणि दूध, तूप, उडीद, साठीचा भात, खाजकुहिलीचे बी, शतावरी, विदारीकंद यांचे जे पाक पुढे सांगितले आहेत, ते पुरुषाच्या ताटात वाढायचे आहेत. तिसऱ्या पादात तर रानउडदाचा पाला खाऊन वाढलेल्या, पहिलटकरीण आणि जिवंत वासराच्या गाईचे दूध पुरुषाने प्यावे असे सांगितले आहे. दशरथाच्या पायसाची दिशा येथे उलटी झालेली दिसते. अन्यत्र चरकाने शुक्राचे आठ दोष मोजले आहेत. फेसाळ, पातळ, रूक्ष, विवर्ण, दुर्गंधी, बुळबुळीत, इतर धातूंनी मिसळलेले आणि पाण्यात बुडणारे असे ते दोष. ही निरीक्षणे सूक्ष्मदर्शकावाचूनची आहेत. लेव्हेनहुकला वीर्यातील जंतू दिसले ते 1677 साली. म्हणून चरकाला सर्व ठाऊक होते असा दावा करण्याची गरज नाही; दोष पुरुषात असू शकतो, हे त्याने निःसंकोचपणे लिहिले, एवढेच पुरेसे मोठे आहे.

या चिकित्सेला मर्यादाही होत्या, आणि पुढच्या जाहिरातबाज काळाने नेमक्या त्याच गाळल्या. आधी शरीरशुद्धी, मग वृष्य औषध. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा दृष्टान्त वैद्यकात रूढ आहे. फार लहान वयाच्या आणि फार वृद्ध पुरुषाला हा मार्ग वर्ज्य. आणि सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण कोणते, तर मनाजोगती स्त्री, असे उत्तर चरक देतो. बाटलीत भरून विकता न येणारे हे औषध नंतरच्या वैद्यकीय बाजारातून नाहीसे झाले, यात नवल नाही.

सोळाव्या शतकात या शास्त्राला समुद्रापलीकडचा वारा लागला. भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त फिरंगरोग आणि त्यावरची चोपचिनी, ही दोन्ही नवी प्रकरणे आली. रोग आणि औषध एकाच मार्गाने, फिरंग्यांच्या गलबतांतून आलेले. त्याच शतकात, 1563 साली, गार्सिया द ओर्ताचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. अहमदनगरच्या निजामशाहाच्या दरबारात ऊठबस असलेल्या या वैद्याने अफूविषयी जे लिहिले आहे, ते मोठे मार्मिक आहे. लोक ती रतिसुखासाठी घेतात. वास्तविक ती वेग मंद करते आणि सवयीने पौरुष हरवते, असे त्याचे निरीक्षण. माजून आणि पाक यांत अफू घालण्याची चाल दक्षिणेत आणि उत्तरेत दोन्हीकडे होती. सुख लांबवणे आणि बीज सुधारणे या दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच डबीत भरण्याची खोड त्या काळापासूनची आहे.

मराठीत या विद्येचा छापील संसार एकोणिसाव्या शतकात थाटला गेला. विष्णु वासुदेव गोडबोले यांचा ‘निघंटरत्नाकर’ 1867 साली निघाला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ लिहून वनौषधी घरोघर नेली आणि 1907 साली वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभारण्यात पुढाकार घेतला. या ग्रंथांत अश्वगंधा म्हणजे आस्कंद, कपिकच्छू म्हणजे खाजकुहिली, गोक्षुर म्हणजे सराटे, असे शास्त्राचे आणि शिवाराचे नाते जुळलेले दिसते. ही मोठीच कामगिरी होती. पण त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानांवर दुसरी एक भाषा वाढत होती. धातुपुष्टी, नष्टवीर्य, तारुण्याचा ऱ्हास, गुप्त पत्रव्यवहार ही त्या भाषेची परवल होती. शास्त्रातील सातवा धातू असलेले शुक्र चरकाच्या लेखी उसातल्या रसासारखे किंवा तिळातल्या तेलासारखे सर्व शरीरात व्यापून असते. जाहिरातींच्या भाषेत ते सांडून संपणारे धन झाले. रक्ताच्या अमुक थेंबांचा वीर्याचा एक थेंब, हे गणित शाळकरी पोरांच्या डोक्यात भरले गेले. अपत्यासाठीची चिकित्सा अशा रीतीने भीतीचा व्यापार झाली. मूल नसलेला गृहस्थ हा मूळचा रुग्ण बाजूला पडला आणि पंचविशीच्या आतला घाबरलेला अविवाहित तरुण हा नवा गिऱ्हाईक उभा राहिला.

या व्यापाराच्या वर्मावर मराठीत जर कोणी बोट ठेवले असेल, तर ते रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. गणिताच्या या प्राध्यापकाने 1925 साली नोकरी सोडली आणि जुलै 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. हस्तमैथुनाने शरीर खंगते ही समजूत निराधार आहे, हे त्यांनी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना पुनःपुन्हा लिहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. धातुक्षयाच्या जाहिराती छापणाऱ्या पानांवर मात्र कोणी खटला भरला नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते. कर्व्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, 1954 मध्ये, जादूचे उपाय आणि आक्षेपार्ह औषधी जाहिराती यांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. नपुंसकत्व बरे करण्याची व संभोगशक्ती वाढवण्याची जाहिरात त्याने निषिद्ध ठरवली. 1960 च्या हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही अंश रद्द केला. तथापि अशी जाहिरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत बसत नाही, असे सांगितले. त्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी धातू जाण्याच्या या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. जे काम कर्वे उपहासाने करीत होते, ते आता रुग्णालयाच्या नोंदवहीत आले.

मग त्या वनस्पतींत काहीच नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली एल-डोपा हे द्रव्य वेगळे केले. मेंदूतील डोपामिन त्यापासून बनते आणि प्रजननाशी संबंधित संप्रेरकांवर डोपामिनचा ताबा असतो. तेव्हा परिणामाची वाट तरी दिसते. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात खाजकुहिलीवर आणि आस्कंदावर झालेले अभ्यास 2009 आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिने औषध दिल्यावर शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल सुधारल्याचे त्यांत आढळले. तीन महिन्यांची मुदतही सहेतुक आहे, कारण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. परंतु येथे तुलना निरोगी पुरुषांशी होती. निव्वळ दिखाऊ औषध दिलेला गट समोर नव्हता. 2013 मध्ये आस्कंदाच्या अर्कावरील एका प्रयोगात तसा गट होता आणि परिणामही ठळक आला. पण रुग्ण होते अवघे 46. शिवाय या प्रयोगांत मोजले गेले ते जंतू; घरात पाळणा हलला की नाही, हे मोजण्याइतके ते मोठे वा दीर्घ नव्हते. चरकाची कसोटी मात्र पाळण्याची होती. सराट्याची गोष्ट आणखी निराळी. त्याने पुरुषी संप्रेरक वाढते, हा व्यायामशाळांतला ठाम समज निरोगी तरुणांवरील प्रयोगात टिकला नाही.

वनस्पती देते तशी नेतेही. सरकीचे कच्चे तेल स्वयंपाकात वापरणाऱ्या चीनमधील खेड्यांत मुले होईनाशी झाली, त्यावरून सरकीतील गॉसिपॉल या द्रव्याकडे लक्ष गेले, आणि 1970 च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांवर ते संततिनियमनासाठी वापरून पाहण्यात आले. जंतू खरोखरच नाहीसे झाले. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि काहींचे जंतू पुन्हा उमटलेच नाहीत. तो नाद सोडून द्यावा लागला. शुद्ध केलेल्या तेलात हे द्रव्य उरत नाही, हे कापूसपट्ट्यातील वाचकांच्या समाधानासाठी सांगायला हवे. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, या सुलभ समीकरणाला या एका उदाहरणाने पुरेसा धक्का बसतो. 2004 मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. शिसे तर शुक्रजंतूंचे उघड वैरी. म्हणजे बीजासाठी घेतलेली पुडी बीजच मारू शकते. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘शुद्ध वनस्पतिज’ गोळ्यांत व्हायग्रातले सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले अनेक देशांत आढळले आहे. हृदयविकाराची काही औषधे घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. आस्कंदाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये त्याच्यावर बंदी घातली.

पांढऱ्या मुसळीची कथा या साऱ्यापेक्षा साधी आणि काहीशी खिन्न करणारी आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेले. ठाणे-पालघरच्या आदिवासी स्त्रिया पहिल्या पावसानंतर तिची कोवळी पाने फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून टोपल्यांतून बाजारात आणतात, आणि मुंबईकर गृहिणी ती कांद्यावर परतून पोराबाळांना वाढतात. त्याच वनस्पतीची मुळी डबीत शिरली की ‘पुरुषार्थ’ होते आणि तिचा भाव अनेक पटींनी चढतो. मुळ्यांसाठी जंगलातून बेसुमार उपटली गेल्याने ती रानात दुर्मीळ होत चालली आहे. पान खुडले तर पुढच्या वर्षी भाजी मिळते. मुळी उपटली तर रोपच जाते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने असते, हे आता वैद्यकाचे सर्वमान्य मत आहे. वीर्यतपासणी ही त्या शोधातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बिनत्रासाची पायरी. तरीही बायकोच्या साऱ्या तपासण्या, प्रसंगी शस्त्रक्रियाही उरकल्यानंतर नवऱ्याचा नमुना घेतला जातो, हा क्रम अनेक घरांत आजही चालतो. गोसाव्याने नाकारलेला हात अजून तिचाच आहे. दरम्यान नवरा एखाद्या डबीवर महिनोन्‌महिने घालवतो. व्हेरिकोसील, जंतुमार्गातील अडथळा, जुना संसर्ग यांसारखी शोधता येण्याजोगी कारणे त्या काळात जशीच्या तशी राहतात आणि पत्नीचे वय पुढे सरकते. वनौषधीचा सर्वांत मोठा दुष्परिणाम कदाचित हा हरवलेला वेळच असेल. त्याची नोंद कोणत्याही निघंटात नाही.

मंगला गौरीपासून घाटाघाटाने दक्षिणेला अस्सीकडे गेले, की भदैनीत लोलार्ककुंड लागते. लोलार्क हाही बारा आदित्यांतलाच, मयूखादित्याचा भाऊबंद. भाद्रपद शुद्ध षष्ठीला तेथे मूल मागणाऱ्यांची गर्दी उसळते. विहिरीसारख्या खोल कुंडाच्या अरुंद पायऱ्यांवर आदल्या रात्रीपासून रांग असते. येथे बायको एकटी उतरत नाही. नवरा-बायको एकमेकांचा हात धरून पाण्यात उतरतात, बरोबरच बुडी मारतात, ओली वस्त्रे कुंडावरच सोडून देतात, आणि एखादे फळ किंवा भाजी दोघांच्या नावाने पाण्यात टाकून मनोरथ पुरे होईपर्यंत ती खायची सोडतात.